अव्वाचा डावा हात

समस्त सोलापूरकरांना, विशेषतः ज्यांना दोन पाय आहेत आणि ते आपल्याला नीट वापरता येतात असा ज्यांचा समज आहे अशा सर्वांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, फिजिओथेरपीच्या दवाखान्याच्या दारात पाऊल टाकल्याक्षणी आपली परीक्षा सुरू झालेली असते. आपण समजतो, अजून केसपेपर निघायचा आहे, मग नंबर लागेल, मग बघू. तसं काही नसतं. दारापासून खुर्चीपर्यंतची चार पावलं आपण कशी टाकली, बसताना खुर्चीचा हात धरला की नाही, पर्सच्या ओझ्यानं कुठला खांदा कलला, हे सगळं टेबलापलीकडची व्यक्ती हसतमुखानं बघत असते. आपण "नमस्कार" म्हणेपर्यंत निम्मा निकाल लागलेला असतो. ही सूचना मला कुणी वेळेवर दिली असती, तर गेल्या हिवाळ्यात माझ्या आईला त्या दारातून आत नेण्याआधी मी बाहेर रस्त्यावर एक रंगीत तालीम घेतली असती. तालमीशिवाय रंगमंचावर जाणं मला शाळेच्या स्नेहसंमेलनापासून पसंत नाही.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. भांडण कानडीत करायचं आणि समेट मराठीत. अव्वा अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. जुळे सोलापुरात, माझ्या घरामागच्याच गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. "एकटी" हा शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारला तर त्याला चहा मिळत नाही.

माझा थोरला भाऊ, अण्णा, पुण्याला असतो. दर दिवाळीला तो अव्वाला पुण्याला न्यायचा प्रस्ताव मांडतो आणि दर दिवाळीला तो प्रस्ताव फराळाबरोबर संपतो. पण गेल्या वर्षी त्याच्या ऑफिसातल्या कुणाची तरी आई घरात पडली आणि दिवसभर तशीच पडून राहिली. अण्णा हादरला. त्यानं फोनवरून फर्मान काढलं: अव्वाच्या चालण्याची आणि तोलाची रीतसर तपासणी करायची. रिपोर्ट चांगला आला तर ती खुशाल सोलापुरात राहील. नाही आला तर संक्रांतीला मी गाडी घेऊन येतो आणि तिला घेऊन जातो. या वेळी फराळ नाही, चर्चा नाही.

मला वाटलं, अव्वा आकांडतांडव करेल. तिनं एवढंच विचारलं, "परीक्षाच की? देते."

तर अशी ती परीक्षा. दवाखाना एका औषधाच्या दुकानाच्या वर होता. जिना चढतानाच माझा जीव वरखाली. फिजिओथेरपिस्ट निघाली तिशीच्या आतली एक मुलगी, सांगोल्याकडची, वडिलांची मेंढरं. ही माहिती अव्वानं खुर्चीत बसण्यापूर्वीच काढून घेतली.

"आमच्या बापाला लांबनं कळतं, कुठलं मेंढरू लंगडतंय," ती मुलगी म्हणाली. "मला माणसांचं कळतं."

"म्हंजे आमी मेंढरं," अव्वा म्हणाली.

"तुमी न्हाय आजी. ह्या काकू."

त्या दोघींचं तिथंच जुळलं. मी पर्स मांडीवर घेऊन गप्प बसले. गप्प बसणं ही माझी जमेची बाजू नाही, त्यामुळे माझा पाय हलायला लागला. तोही त्या मुलीनं बघितला.

पहिला प्रयोग साधा होता. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, जमिनीवर लाल पट्टी चिकटवली होती तिथपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मुलीच्या हातात घड्याळ. "आजी, तयार?" म्हणून तिनं वर बघितलं, तर अव्वा खुर्चीवर मांडी घालून बसलेली.

"आजी, पाय खाली सोडा."

"पाय सोडून बसायला मी काय एस्टीत हाय?"

शेवटी पाय खाली आले. अव्वा उठली, चालली, वळली. वळताना तिनं चारपाच लहान लहान पावलं घेतली, तव्यावरची भाकरी फिरवावी तशी. मग एका रेषेत पाय ठेवून उभं राहायचं, टाचेला अंगठा लावून. मग एका पायावर. अव्वानं उजवा पाय उचलला आणि लगेच टेकवला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत बसले. तो बिचारा दोन्ही पायांवर आरामात उभा होता.

"काकू, आता तुमी," मुलगी म्हणाली.

"मी? मी सोबत आलेय."

"सोबत आलेलीच मान्सं आधी पडतात."

मी उठले. चपला काढल्या, पदर खोचला, अव्वाकडे बघून एक नमस्कार केला आणि डावा पाय उचलला. माझं पूर्ण नाव आणि पत्त्याचा निम्मा भाग सांगून होईल इतका वेळ मी उभी होते. नंतर खोली डावीकडे सरकली आणि मी वजनकाट्यावर जाऊन उभी राहिले. काट्यानं त्याचं मत लगेच दिलं.

"चोपन्न की पंचावन्न?" मुलीनं विचारलं.

"वजन?"

"वय वो."

मग तिनं समजावलं की प्रत्येक वयाचा मापदंड वेगळा असतो. वर्षाचं मूल पाय फाकून, हात वर धरून चालतं, कारण त्याला तोल सापडायचा असतो. विशीत-तिशीत तो इतका असतो की कुणी त्याची विचारपूस करत नाही. पन्नाशीनंतर तो गुपचूप कमी व्हायला लागतो. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे कळत नाही. कळतं ते एक दिवस पडल्यावर. पण व्यायामानं तो परत येतो, सत्तरीतसुद्धा. हे सगळं ती माझ्याकडे बघून सांगत होती. अव्वा समाधानानं मान हलवत होती. वर्गात दुसऱ्याला रागावलं की पहिल्या बाकावरच्या मुली हलवतात तशी.

मग त्या मुलीनं अव्वाला पुन्हा चालायला लावलं. मग आणखी एकदा. या वेळी घड्याळ तिनं टेबलावर ठेवून दिलं होतं. आणि तिचं हसू कुठंतरी गेलं होतं.

"आजी, तुमी बसा, पाणी प्या," म्हणत तिनं मला पडद्याआड बोलावलं. "काकू, आजींचा डावा हात चालताना हलत न्हाय. उजवा हलतो. डावा छातीपाशीच धरलेला. कधीपासनं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. रोज बघत होते, पण आईचे हात कोण मोजतं?

"नसंल काय बी. पन एकदा मेंदूच्या डॉक्टरांस्नी दाखवा. मी आजच रिपोर्ट लिहीत न्हाय."

तिनं आजाराचं नाव घेतलं नाही. ते मी घेतलं, मनात. कंपवात. माझ्या एका काकांना झाला होता, आणि त्यांचाही आधी एक हातच थांबला होता. बाकीचं सगळं नंतर.

डॉक्टरांचा नंबर पुढच्या आठवड्यातला मिळाला.

तो आठवडा मी बसून काढला नाही, हे शपथेवर सांगते. मला बसताच येईना. सकाळी भाजी घ्यायला गेले तरी नजर सगळ्यांच्या हातांवर. आणि मला भयंकर शोध लागला, की अख्ख्या सोलापुरात कुणाचेच दोन्ही हात हलत नाहीत. एकाचा कानाला फोन. एकीच्या काखेत पर्स घट्ट. एक गृहस्थ मफलर गुंडाळून, एक हात स्वेटरच्या खिशात घालून फिरायला निघालेले. दुधाच्या पिशवीवाले तर विचारूच नका. मी एका बाईंच्या मागे दोन गल्ल्या चालले, त्यांचा डावा हात कधी हलतो ते बघायला. शेवटी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काय पाहिजे तुम्हाला?" मी म्हटलं, "तुमचा हात." त्या रिक्षात बसून निघून गेल्या.

घरी आल्यावर आमच्या ह्यांना म्हटलं, "चालून दाखवा."

"कुठं?"

"इथंच. हॉलमध्ये. नैसर्गिक चाला."

नैसर्गिक चाला म्हटल्यावर जगात कुणालाही नैसर्गिक चालता येत नाही. ह्यांनी उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे टाकला आणि सोफ्यापर्यंत लाकडी शिपायासारखे गेले. मी डोक्याला हात लावला. हे म्हणाले, "नापास झालो का?" मी म्हटलं, "तुम्हाला कोण पुण्याला नेणार आहे? जा, बसा."

अण्णा रोज फोन करायचा. "रिपोर्ट?"

"लिहिताहेत."

"किती लिहिताहेत? एवढं काय आहे त्यात?"

"हाताचं अक्षर आहे, वेळ लागतो," मी म्हणायचे आणि फोन कानाला लावून गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. समोरच्या इमारतीतल्या लोकांना वाटलं असणार, मी जमिनीचा मोठा व्यवहार करतेय.

अव्वाकडे मी दिवसातून तीनदा जायला लागले. कोथिंबीर घ्यायला, कोथिंबीर द्यायला, कोथिंबीर नको म्हणून सांगायला. गेले की तिच्याकडे चोरून बघायचे. बसलेली असली की सगळं ठीक. शेंगा सोलताना दोन्ही हात टकाटक चालायचे. डाव्याला ना कंप, ना काही. पण उठली की डावा हात गेलाच छातीपाशी, पदराखाली. स्वयंपाकघरात जाताना तिथंच. दार उघडायला जाताना तिथंच. यातून एखाद्या शहाण्या बाईला काहीतरी कळलं असतं. मला काय कळलं? हिच्या छातीत दुखतंय. म्हणजे आता मेंदूच्या डॉक्टरांच्या जोडीला हृदयाचे डॉक्टरही आले. मी ह्यांना फोन करून तसं सांगितलंही. हे म्हणाले, "संध्याकाळपर्यंत अजून एखादा अवयव सापडतो का बघ."

आणि मग आल्या शेंगापोळ्या, आमच्याकडच्या दाण्या-गुळाच्या.

संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती. अव्वानं पोळ्यांचा घाट घातला होता. मी लाटायला गेले होते, म्हणजे ती लाटत होती आणि मी फेऱ्या मारत होते. "बस की गं, डोळं फिराय लागलं माझं," ती म्हणाली, तरी मी फिरतच होते. पोळ्या दोन ताटांत पसरून बाहेरच्या खोलीत पंख्याखाली न्यायच्या होत्या. तिनं एक ताट उजव्या हातावर घेतलं आणि निघाली.

"अव्वा, दोन्ही घेऊन जा की. परत कशाला येतेस?"

"दुसरं तू आण."

"मी नाही आणत. तूच ने." मला तो डावा हात सुटलेला बघायचा होता.

"एक हात मोकळा न्हाय."

"मोकळा तर आहे. काय धरलंयस त्यात?"

ती थांबली. ताट खाली ठेवलं. पदर किंचित सारला, आणि मला दिसलं. तिच्या डाव्या मुठीत गळ्यातली चांदीची डबी होती. लिंगाची.

आमच्यात हे असतं. लहानपणी गुरूच्या हातून इष्टलिंग मिळतं, ते चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं गळ्यात बांधायचं आणि शेवटपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मग पाण्याचा घोट. माझ्या पिढीनं यात बरीच सूट घेतली आहे. अव्वानं कधीच घेतलेली नाही. आणि ते जमिनीला लागणं म्हणजे तिच्या लेखी काय, हे मला शब्दांत सांगता येणार नाही. तिच्या आईनं अशा प्रसंगी शुद्धी करायला जंगम स्वामी येईपर्यंत पाणी घेतलं नव्हतं, ही गोष्ट आम्ही जेवताना ऐकत मोठे झालो.

"दोरा तुटला की काय?" मी विचारलं.

"दसऱ्याला तुटला हुता." तिनं आवाज खाली आणला, खोलीत आम्ही दोघीच असताना. "जिन्यावर पाय अडकला माझा. कठडा धरायला गेले तर दोरा त्यात आडकून तट्‌कन तुटला. डबी घसरली ती हितं, पदराच्या घडीत. ह्या हातानं धरली. पडली न्हाय. पन पडली असती की."

"मग नवा दोरा?"

"घातलाय. बैल बांधशील असला हाय. पन हाताला कुटं पटतंय? उठलं की जातोय तितंच."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की ही मुलगी नक्की आपलीच का.

"डबीचं सांगितलं आसतं तर पाय अडकल्याचं सांगाय लागलं आसतं. त्ये सांगितलं आसतं तर तुजा अण्णा गाडी काडून हितं. सुम्ने बसले."

सुम्ने, म्हणजे गुपचूप. दसऱ्यापासून ती गुपचूप बसली होती, एका हातानं देव धरून आणि दुसऱ्या हातानं सगळा संसार करून, पुण्याला जावं लागू नये म्हणून. आणि नेमका तो धरलेला हातच तिला पुण्याच्या गाडीत बसवायला निघाला होता. मला हसायला यायला लागलं आणि मग ते हसणं भलतीकडेच वळलं. अव्वानं माझ्या हातात एक पोळी दिली. रडणाऱ्या माणसाला ती आधी खायला देते, चौकशी नंतर.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या सगळ्या झंपरांना आतून खिसे शिवले, जाड कापडाचे, वर दोन टिचबटणं. डबी खिशात, दोरा गळ्यात, वरून पदर. अव्वानं उड्या मारून बघितल्या नाहीत एवढंच; वाकून, हलून, पदर झटकून, सगळ्या बाजूंनी तपासलं. मग आम्ही रिक्षानं दवाखान्यात.

मुलीनं सगळं ऐकलं. डबीला हात लावला नाही, फक्त म्हणाली, "आजी, खिसा पक्का हाय न्हवं? मग हात सोडा आन चाला."

हात सुटला. पहिल्या फेरीत तो नुसताच लोंबत राहिला, कुठं जावं ते न कळल्यासारखा. दुसऱ्या फेरीत दोनदा वर गेला आणि अर्ध्यातून परत आला. तिसऱ्या फेरीत तो हलला. मागे गेला, पुढे आला. मी पडद्याला धरून उभी होते. मुलीनं माझ्याकडे बघून मान डोलावली.

मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवलंच आम्ही, नंबर लागलेला होता. त्यांनी तपासून तसलं काही नसल्याचं सांगितलं आणि शेंगापोळी घेतली.

पण गोष्ट इथं संपत नव्हती, कारण ती मुलगी अव्वाची मैत्रीण असली तरी परीक्षक होती. "हात सुटला, ते बरं झालं," ती म्हणाली. "पन जिन्यावर पाय अडकलाच हुता की. पाय कच्चं हायत. रिपोर्ट आसाच देऊ, का तालीम करताय?"

तालीम. हा शब्द ऐकून माझ्या अंगात वारं संचारलं.

अण्णाला मी सांगितलं की रिपोर्ट तू आल्यावर तुझ्यासमोरच होईल. मधल्या दिवसांत अव्वा जे काही करत होती ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, परत उठायचं. प्रत्येक वेळी "आई गं"च्या जागी कानडी "अय्यप्पा" म्हणत. फरशीच्या सांध्यावर टाचेला अंगठा लावत बाहेरच्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंत हाताशी ठेवून. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी एका पायावर. तिनं घड्याळ नाकारलं. एका पायावर उभं राहून ती मनात "ॐ नमः शिवाय" म्हणायची, आणि जप जितका लांबेल तितका तोल. "आज माळेचा चवथा हिस्सा झाला," असा तिचा रिपोर्ट मला रोज मिळायचा. मला जप जमत नसल्यामुळे मी शेजारी उभी राहून भाज्यांची नावं घ्यायचे. दोडक्याला पडायचे.

"तू आधी बोलायचं बंद कर," अव्वा म्हणायची. "तोंड हलतंय म्हणून पाय हलतोय."

भोगीच्या दिवशी अण्णा आला. येताना मोठी रिकामी बॅग आणली होती. ती त्यानं अव्वाच्या दारातच ठेवली, आणि अव्वा तिला वळसा घालून, जिना उतरून, कठड्याला नुसतं बोट लावत खाली गेली. दवाखान्यात जाईपर्यंत गाडीत मी मनात भाज्यांची नावं घेत होते. मोठ्यानं एकही नाही, आणि हे माझ्या ओळखीच्या कुणालाही सांगितलं तर खरं वाटणार नाही.

अव्वा खुर्चीत बसली, पाय खाली सोडून. उठली, हात न टेकता. पट्टीपर्यंत गेली, वळली, आली, बसली. दोन्ही हात हलत होते. मुलीनं घड्याळ अण्णासमोर धरलं. मग रेषेत पाय. मग एका पायावर. अव्वाचे ओठ हलत होते, पाय हलत नव्हता. मी श्वास रोखून धरला आणि मला सोडायचा आठवेना. शेवटी मुलगीच म्हणाली, "आजी, पुरे की. टेकवा आता."

तिनं रिपोर्ट लिहायला घेतला. अण्णा मात्र हाताची घडी घालून उभा होता. त्याला आनंद झाला होता की त्याची पंचाईत झाली होती, ते त्यालाही ठरवता येत नव्हतं. बॅग आणली होती ना.

"चांगलंच आहे," तो म्हणाला. "पण एका पायावर उभं राहणं म्हणजे काय मोठं? कुणालाही येतं ते."

"मग ऱ्हावा की," मुलगी लिहिता लिहिता म्हणाली.

अण्णा सत्तावन्न वर्षांचा आहे. रोज सकाळी बागेत चालतो, म्हणजे तसं सांगतो. त्यानं बूट काढले, पँट जरा वर ओढली आणि पाय उचलला. क्षणभर तो खरंच छान दिसला. मग त्याचे दोन्ही हात पंख्यासारखे फिरले, त्यानं पडदा धरला, पडदा दांडीसकट खाली आला, आणि आमचा अण्णा तपासणीच्या गादीवर जाऊन आडवा पडला, डोक्यावरून पडदा.

मुलीचं पेन थांबलं होतं. अव्वा उठली, हात न टेकता. तिनं त्याच्या तोंडावरचा पडदा बाजूला केला, त्याला कुठं लागलं नाही ना ते नीट बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"ह्याला आता हितंच ठिवून घे गं. ह्या वयात एकट्याला कसं सोडायचं?"